दोर उत्तम, हुक भंगार : कारवानीसाठी १० मीटरची लाँग लाइन, एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरल्यावर

कारवानी म्हणजे सडपातळ, वेगवान शिकारी कुत्र्याची जात; आणि लाँग लाइन म्हणजे शिट्टीवर परत यायला शिकवताना कुत्र्याला लावायचा लांब दोर. माझा दोर अजून नव्यासारखा आहे. हुक मात्र गेला, आणि गेला तोही भोवरकडीच्या मानेत, सगळा झटका जिथे येतो तिथेच. तुटलेल्या जागी आत राखाडी, दाणेदार धातू. म्हणजे झिंकचं ओतीव, वरून पितळी मुलामा. विकताना ‘सॉलिड पितळ’ म्हणून विकलं होतं. तक्रारीला उत्तर आलं की कुत्र्याने जोरात ओढल्यास वॉरंटी लागू होत नाही. शिकारी कुत्र्याच्या दोराला कुत्रा जोरात ओढणार नाही, तर काय शेळी ओढणार?

साधा हिशोब मांडा. २५ किलोचा कारवानी १० मीटरच्या मोकळ्या दोरात सेकंदाला ८ मीटरचा वेग सहज पकडतो. ऊर्जा झाली ८०० ज्यूल. न ताणणाऱ्या दोराने त्याला ३० सेंटिमीटरात थांबवलं, तर सरासरी ओढच २७० किलोच्या आसपास जाते. हुकाच्या पाकिटावरचा आकडा टांगलेल्या वजनाचा असतो, झटक्याचा नसतो.

हुकावर एवढं अडून बसण्याचं कारण आहे. कारवानी नजरेने शिकार करतो. ससा उठला की पळणं हेच त्याचं बक्षीस, तुमच्या हातातला कलेजीचा तुकडा त्यापुढे काहीच नाही. शिट्टीवर परत फिरण्याची सवय लागते ती ‘शिट्टी वाजल्यावर पाठलाग पुढे जातच नाही’ हे त्याला प्रत्येक वेळी अनुभवाला आलं तरच. एकदा हुक तुटला आणि कुत्रा तुरीच्या रानापर्यंत मनसोक्त पळाला की कित्येक आठवड्यांची मेहनत पाण्यात. शिवाय शिट्टी वाजत असताना पळता येतं, हे नवं ज्ञान त्याला फुकट मिळतं.

शिट्टीबद्दल थोडक्यात. आत गोळी नसलेली घ्या. गोळीवाली थुंकी-धुळीने अडकते आणि आवाज बदलतो. अ‍ॅक्मे कंपनीच्या २१०.५ किंवा २११.५ सारख्या क्रमांकाच्या शिट्टीचा फायदा हा, की हरवली तरी त्याच क्रमांकाची दुसरी त्याच सुरात वाजते. परत येण्यासाठी तीन आखूड फुंका, जागीच थांबण्यासाठी एक लांब. सुरुवात घरात : तीन फुंका आणि सेकंदाच्या आत तोंडात उकडलेली कलेजी, दिवसाला १०-१५ वेळा, आठवडाभर. मग अंगण, मग मोकळं माळरान, मग लांबवर चरणाऱ्या शेळ्या. सशाची पाळी सगळ्यात शेवटी.

खरं काम मात्र एक-दोन सेकंदांचं आहे. कान उभे, मान ताठ, पुढचा एक पाय अधांतरी, शेपूट गोठलेली. फुंकायचं तेव्हाच. वळला की उलट दिशेने पळा आणि काठीला बांधलेली चिंधी जमिनीवरून ओढा. पाठलागाची भरपाई पाठलागानेच होते. हा क्षण हुकला आणि कुत्रा भरधाव सुटला, तर शिट्टी खिशात ठेवा. पूर्ण वेगात असताना फुंकत राहिलात तर ती त्याच्या लेखी वाऱ्याचा आवाज होते. सावज दिसेनासं होऊन तो डोकं वर करून शोधू लागला, की मग फुंका. मागे धावू नका, त्याला वाटतं तुम्हीही शिकारीला आलात.

दोर पीव्हीसीचा लेप दिलेल्या पट्टीचा, १३ मिमी रुंद. १९ मिमीचा उगाच जड पडतो. पहिल्यांदा याला दोनच तारे देणार होतो, कारण ओला झाला की हातातून सटकतो. पावसाळ्यानंतर मत बदललं. नायलॉनचा दोर पाणी पिऊन चिखलाने जड होतो आणि त्यात कुसळं अशी रुततात की कात्रीच लागते. याला एक फडकं पुरतं. सटकण्यावर उपाय म्हणजे चामड्याचे हातमोजे, आणि ते असतील तर सटकणं उलट उपयोगी : शेवटचे तीन मीटर उरले की कुत्र्याच्या दिशेने पळत दोर मुठीतून घासत सोडायचा, म्हणजे झटका विरतो. मनगटाला वेढा कधीच नको. टोकाचा फासही कापून टाका, बोरीच्या काट्यात तोच अडकतो.

दोर गळ्यातल्या पट्ट्याला लावू नका, मानेला इजा होते. शिवाय कारवानीचं डोकं अरुंद, साधा पट्टा कानावरून निघून येतो. पाठीवर कडी असलेला हार्नेस (छातीभोवती बसणारा साज) हवा, आणि बरगड्यांच्या मागे दुसरा पट्टा असलेला, नाहीतर मागे सरकून त्यातूनही निसटतो.

‘ससाच तर आहे’ म्हणणाऱ्यांसाठी : १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत नुसतं मारणं नाही, कुत्र्यांकरवी पाठलाग, हाकणं आणि तसा प्रयत्नही येतो. मोर आणि काळवीट तर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत आहेत. सोलापूरकडच्या माळावर सशामागे सुटलेला कुत्रा कुठल्या क्षणी काळविटामागे लागेल, सांगता येत नाही.

आता हुक. गुरांचे कासरे-म्होरक्या विकणाऱ्या दुकानात पितळी भोवरकडीचा हुक मिळाला, दोराच्या किमतीच्या दहाव्या भागात. मग कंपनीने नेमके तेवढेच पैसे कुठे वाचवले? घेताना चुंबक लावून उपयोग नाही, झिंक आणि पितळ दोन्ही चिकटत नाहीत. कोपऱ्यावर कानस मारा : पितळ आतही पिवळं, झिंक पांढरट. जुना रिव्हेट कापून पट्टी आठ सेंटिमीटर दुमडली, दोन स्क्रू-रिव्हेट बसवले, आट्यांना थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायचा चिकट द्रव) लावलं. तरी ते ढिले होतात, म्हणून रानात जाण्याआधी स्क्रूड्रायव्हर फिरवून बघायचा.