जुनी इंडिका व्हिस्टा डिझेल: मीटरमधल्या दिव्यांचा अनुभव

2010 ची टाटा इंडिका व्हिस्टा क्वाड्राजेट (म्हणजे डिझेलवाली) सेकंडहँड घेऊन आता वर्ष होत आलं. ॲव्हरेज आणि पिकअपवर लोकांनी भरपूर लिहिलंय, म्हणून मी फक्त मीटरमधल्या दिव्यांवर लिहितो. बंद झालेलं मॉडेल घेताना खरी पारख तिथेच होते.

आधी थोडी कुळकथा. पहिली इंडिका 1998 च्या डिसेंबरात आली, पिंपरीत तयार झालेली. व्हिस्टा आली ऑगस्ट 2008 मध्ये. ती बनायची रांजणगावला, टाटाच्या फियाटसोबतच्या कारखान्यात. डिझेल इंजिनही फियाटचंच, 1248 सीसी मल्टीजेट. तेच स्विफ्ट, डिझायर, पुंटोमध्ये. गमतीनं लोक त्याला नॅशनल इंजिन म्हणायचे. 2018 मध्ये इंडिका हे नावच संपलं, तरी इंजिनाचं सामान अजून सहज मिळतं. मीटर किंवा आतलं प्लास्टिक हवं असेल तर मात्र भंगार बाजार गाठा.

मीटर स्टिअरिंगमागे नाही, डॅशबोर्डच्या मधोमध आहे. सवय लवकर होते. फक्त शेजारच्यालाही स्पीड दिसतो, आणि आमची आई तो मोठ्यानं वाचते.

गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन सुरू न करता चावी नुसती ऑन करा. ऑइल, बॅटरी, हँडब्रेक, चेक इंजिन, सगळे लागले पाहिजेत. एखादा लागलाच नाही तर बल्ब काढलेला असू शकतो, नाहीतर आतून टेप मारलेली. मी पाहिलेल्या एका गाडीत चेक इंजिन लागतच नव्हता. एजंट म्हणे, "प्रॉब्लेमच नाही साहेब, लागेल कशाला?" तिथूनच परत फिरलो.

स्प्रिंगसारखा पिवळा दिवा हीटर प्लगचा. थंडीत पहाटे तो विझू द्या, मगच सेल मारा. ऑइलचा लाल दिवा दाब दाखवतो, पातळी नाही. पातळीसाठी डिपस्टिकच काढायची. चालत्या गाडीत तो लागला तर बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद. "पुढच्या पंपापर्यंत नेतो" म्हटलं की टर्बो आणि बेअरिंग गेलेच समजा.

सर्वात जास्त डोकं खाल्लं ब्रेकच्या दिव्यानं. खंबाटकी घाटाच्या वळणावर क्षणभर लागायचा, रस्ता सरळ झाला की गायब. हँडब्रेक पूर्ण खाली. झालं होतं असं की पुढचे ब्रेक पॅड झिजले होते. पॅड झिजतात तसे कॅलिपरचे (पॅड दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन बाहेर सरकतात आणि डबीतलं ब्रेक ऑइल खाली उतरतं. मग वळणावर ते एका बाजूला हिंदकळलं की डबीतला फ्लोट (ऑइलवर तरंगणारा तुकडा) खाली जातो, दिवा लागतो. एक गॅरेजवाला वरून ऑइल ओतून मोकळा होणार होता. तसं केलं असतं तर दिवा विझला असता, पॅड तसेच राहिले असते. शिवाय नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबले की ते जादा ऑइल डबीबाहेर येतं, आणि बॉडीवर सांडलं तर रंग खातं. मी आधी पॅडच बदलायला लावले. पातळी आपोआप वर आली.

चेक इंजिन पिवळा असतो, त्याला घाबरायचं कारण नाही. गाडीला स्कॅनर लावून बिघाडाचा कोड बघा आणि क्लिअर करण्याआधी कागदावर उतरवून घ्या. कोड क्लिअर करून गाडी विकायला काढणारेही असतात, त्यामुळे ट्रायल गल्लीतल्या एका चकरेवर उरकू नका. इंजिन नीट तापेपर्यंत चालवा, बंद करा, पुन्हा सुरू करा आणि मीटरकडे बघा.