‘ओन्ली’वर दोन तास: दांडिया बाजारातल्या क्लासचा धडा

बडोद्याच्या दांडिया बाजारातला एक स्पोकन इंग्लिश क्लास ‘ओन्ली’ या एकाच शब्दावर दोन तास घेतो, वर बारा पानांची झेरॉक्स हातात देतो. एका क्रियाविशेषणाचे एवढे लाड कशाला, असं वाटेल. पण बडोद्यात ते हवेतच. ‘इथेच थांब’चं ‘वेट हिअर ओन्ली’ मराठी घरात होतं तसंच शेजारच्या गुजराती घरातही होतं. मराठी ‘च’, गुजराती ‘ज’, हिंदी ‘ही’ तिन्ही शब्दाच्या मागून येतात. ‘ओन्ली’ सहसा शब्दाच्या आधी उभा राहतो. शिवाय ‘च’ दोन कामं करतो: बाकीच्यांना वगळतो, नाहीतर नुसता जोर देतो. ‘ओन्ली’चा पिंड वगळण्याचा. ‘तो तसाच आहे’ यात कुणाला वगळलेलं नाही, म्हणून ‘ही इज लाइक दॅट ओन्ली’ बाहेरच्या माणसाला खटकतं. तिथे ‘दॅट्स जस्ट हाऊ ही इज’ म्हणावं. हा फरक क्लास पहिल्या अर्ध्या तासात नेमका समजावतो.

चौथं पान झकास आहे. ‘आय मेट मीना यस्टरडे’ हे वाक्य घेऊन त्यात ‘ओन्ली’ सरकवत न्यायचा. ‘ओन्ली आय मेट मीना’ म्हणजे मीच भेटलो, दुसरं कुणी नाही. ‘आय मेट ओन्ली मीना’ म्हणजे मीनालाच. ‘आय मेट मीना ओन्ली यस्टरडे’ म्हणजे अगदी कालच. गडबड पुढे आहे. ‘आय ओन्ली मेट मीना’चा अर्थ ‘नुसतं भेटलो, बोललो नाही’ एवढाच धरून क्लास बाकीची उत्तरं कापतो. हा सोवळेपणा झाला. बोलताना इंग्रज लोक ‘ओन्ली’ सर्रास क्रियापदाआधीच ठेवतात आणि अर्थ आवाजाच्या जोरावर सोडतात. जोर ‘मीना’वर पडला की अर्थ ‘मीनालाच’. कागदावर जोर ऐकू येत नाही, तेव्हा अर्ज-ईमेलमध्ये ‘ओन्ली’ ज्या शब्दाचा त्याला चिकटवून ठेवणं सुरक्षित.

सगळीकडे ‘फक्त’ हाच अर्थ देणं ही पुस्तिकेची खरी कमजोरी. ‘इट्स ओन्ली फाइव्ह’ म्हणजे ‘आत्ता कुठे पाच वाजलेत’. सातव्या पानावर तर सरळ चूक आहे: ‘ही केम ओन्ली टू फाइंड द शॉप क्लोज्ड’चं भाषांतर ‘दुकान बंद आहे हे बघायलाच तो आला’! असं कोण येईल? तो आला, बघतो तर दुकान बंद. इथला ‘ओन्ली टू’ हेतू सांगत नाही, फजिती सांगतो.

‘ओन्ली इफ’ म्हणजे ‘तरच’, ‘इफ ओन्ली’ म्हणजे ‘असं असतं तर किती बरं’. हे दोन ओळींत नीट उरकलंय. पण वाक्याच्या उलटापालटीला तीनच ओळी द्याव्यात हे पटत नाही, कारण चांगले पदवीधरही तिथेच अडतात. ‘ओन्ली देन आय रिअलाइझ्ड’ नव्हे, ‘ओन्ली देन डिड आय रिअलाइझ’. काळ किंवा अट ‘ओन्ली’सकट वाक्याच्या तोंडाशी आली की मुख्य वाक्याचं साहाय्यक क्रियापद (इथे ‘डिड’) कर्त्याआधी येतं. मुख्य वाक्याचंच, बरं का: ‘ओन्ली आफ्टर ही लेफ्ट डिड वी ईट’. यात ‘ही लेफ्ट’ला हात लावायचा नाही. ‘ओन्ली आय मेट मीना’ उलटत नाही, कारण तिथे ‘ओन्ली’ कर्त्यालाच लागलेला आहे.

चेकवरचं ‘रुपीज फाइव्ह हंड्रेड ओन्ली’ आणि डब्यावरचं ‘लेडीज ओन्ली’ पुस्तिकेत नाहीच. या ठिकाणी ‘ओन्ली’ मागेच येतो आणि ते बरोबर आहे. चेकवर तर त्याला राखणीचं काम आहे: अक्षरी रकमेपुढे कुणी शब्द वाढवू नयेत. मराठीत आपण ‘पाचशे रुपये फक्त’ लिहितो ते त्याचसाठी.

इंग्रजी माध्यमातल्यांना पहिला तास संथ वाटेल. मराठी किंवा गुजराती माध्यमातून नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्यांनी जरूर बसावं. चौथं पान मोठ्याने वाचावं, सातव्यावर आधी काट मारावी.