सिंगापूर की दापोली-गुहागर? सहा माणसांच्या घराने कसं ठरवावं

एक घर डोळ्यासमोर धरू. घोडबंदर रोडला टू बीएचके. आई-बाबा दोघंही नोकरीला, मुलगी चौदा वर्षांची, मुलगा सहा. आजोबांची पंचाहत्तरी झालेली, आजींचे गुडघे दुखतात, जिना म्हटला की त्या आधी कठडा शोधतात. दिवाळीला जोडून सहा दिवसांची सुट्टी मिळते आहे. वर्गातल्या तीन-चार मैत्रिणी दुबई-बँकॉक करून आल्यात, म्हणून मुलीला परदेशात जायचंय. बाबांनी सिंगापूरचं पॅकेज बघून ठेवलंय, आणि आईच्या मनात कोकण आहे. ठाणे-नवी मुंबईत अशी घरं हजारोंनी असतील. दोन्ही बेत शेजारी शेजारी ठेवून मी बघते आहे ते याच घरासाठी. तुमच्या घरात आजी-आजोबा नसतील किंवा मुलं मोठी असतील तर उत्तर बदलेल. कुठे बदलेल तेही सांगते.

पैशाचा हिशेब

दर रोज हलतात, पण खर्चाची घडण हलत नाही, म्हणून आधी ती बघू. परदेशात खर्च माणशी वाढतो. दोन वर्षांच्या वरच्या मुलाला विमानात स्वतःची सीट लागते आणि तिकीट मोठ्या माणसाच्या जवळपास जातं. व्हिसा, प्रवास विमा, नाइट सफारी, युनिव्हर्सल स्टुडिओ, सगळं माणशी. सिंगापुरात हॉटेलच्या खोल्या लहान असतात, एका खोलीत दोन-तीन माणसंच राहू देतात, तेव्हा सहा जणांना दोन खोल्या पुरतीलच असं नाही. युनिव्हर्सलच्या बऱ्याच राइड्सना उंचीची अट आहे. म्हणजे सहा वर्षांच्या मुलाचं आणि गुडघे दुखणाऱ्या आजींचं तिकीट काढून त्यांना बाकावर बसवायची वेळ येऊ शकते.

कोकणात खर्च खोलीमागे आणि ताटामागे चालतो. घरगुती निवासात मोठी खोली असली तर नातवंडं आजी-आजोबांजवळच झोपतात आणि दोन खोल्यांत सहा जण आरामात मावतात. रेल्वेत पाच ते अकरा वर्षांच्या मुलाला वेगळी बर्थ नको असेल तर अर्धं तिकीट पडतं. ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे, आजोबांचं पूर्ण तिकीट धरा. हॉटेलात राहणार असाल तर सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के लागतो, त्यावरच्या खोलीवर १८.

दोन गोष्टी घरोघरी हिशेबातून निसटतात. परदेशी टूर पॅकेज घेताना कंपनी किमतीवर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, लावते. विवरणपत्र भरताना तो वळता होतो, पण तोवर पैसा अडकून राहतो. आणि जुनी करपद्धत घेणाऱ्या नोकरदाराला एलटीए, म्हणजे रजेतल्या प्रवासाचा भत्ता, मिळत असेल, तर ती सूट फक्त देशातल्या प्रवासाला आहे. चार वर्षांच्या टप्प्यात दोनदा, फक्त प्रवासभाड्यावर, आणि आपल्यावर अवलंबून असलेले आई-वडीलही त्यात धरता येतात. २०२६ ते २०२९ हा नवा टप्पा आहे. सिंगापूरच्या तिकिटावर यातलं काही मिळत नाही.

कोकणातसुद्धा एका ठिकाणी पैसा उगाच जातो: भाड्याच्या गाडीवर. बहुतेक टुरिस्ट गाडीवाले दिवसाला अडीचशे-तीनशे किलोमीटर किमान धरतात, वर ड्रायव्हरचा भत्ता. तीन दिवस दापोलीजवळच्या मुरुडच्या किनाऱ्यावर बसायचं आणि गाडी अंगणात उभी, तरी बिल नऊशे किलोमीटरचं. म्हणून जाता-येता रेल्वे घ्यावी आणि तिथे लागेल तशी गावातली गाडी करावी.

हप्त्यावर सहल काढावी लागणार असेल तर परदेश हा पर्याय या वर्षापुरता बाजूला ठेवा. याबद्दल माझं मत पक्कं आहे. सहा दिवसांच्या सुट्टीसाठी वर्षभर घरातलं कुणी हिशेब करत राहू नये.

सहा दिवसांतले हातात किती येतात

मुंबई-सिंगापूर विमानप्रवास साडेपाच तासांच्या आसपास. त्यात ठाण्याहून विमानतळ, तीन तास आधी पोचणं, तिकडे उतरल्यावरच्या रांगा आणि हॉटेलपर्यंतचा रस्ता धरला की दाराला कुलूप लावल्यापासून पलंगावर आडवं होईपर्यंत बारा तास सहज जातात. घड्याळ अडीच तास पुढे. विमान रात्रीचं असेल तर पहिला दिवस सहा वर्षांच्या मुलाच्या झोपेत जातो, शेवटचा परतीत. उरतात चार.

दापोलीला मांडवी एक्सप्रेस ठाण्याला सकाळी आठच्या सुमारास मिळते. नवी मुंबईकरांनी सरळ पनवेल गाठावं, कोकणातल्या गाड्या तिथे थांबतातच. खेडला उतरायचं, निवासवाल्याला आधी सांगून ठेवलं तर तो गाडी पाठवतो, आणि गाडी वेळेवर धावली तर दुपारचं जेवण दापोलीत होतं. पहिल्याच संध्याकाळी मुलांचे पाय समुद्रात.

रस्त्याने जायचं असेल तर अंतर दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर आहे, पण मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाची कामं २०११ पासून सुरू आहेत हे कुठल्याही कोकणवासीयाला विचारा. कशेडीच्या बोगद्याने घाटाचा त्रास कमी केला, तरी सुट्टीच्या पहिल्या सकाळी माणगावात किती वेळ जाईल याची खात्री कुणी देत नाही. आजोबांना तासातासाला उतरावं लागत असेल तर रेल्वेच.

आजी-आजोबांसाठी

इथे मला सिंगापूरच्या बाजूने मनापासून बोलायचं आहे, कारण आपल्याकडे उलटं गृहीत धरतात: म्हातारी माणसं म्हणजे कोकण. सिंगापूरच्या एमआरटी (मेट्रो) स्थानकांवर लिफ्ट आहेत, फुटपाथ सलग आणि सपाट आहेत, व्हीलचेअर घेऊन माणूस शहरभर फिरू शकतो. विमानतळावरची व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवता येते. लिटिल इंडियात शाकाहारी जेवण मिळतं. चालता अजिबात येत नाही अशा माणसाला कोकणापेक्षा सिंगापुरात जास्त फिरता येईल. कोकणातली देवळं पायऱ्यांवर, किनारा वाळूचा, आणि व्हीलचेअर वाळूत रुतते.

आपल्या घरातल्या आजींना चालता येतं, पण थोडं. त्यांच्यासाठी तोल दुसरीकडे झुकतो. सिंगापुरात प्रत्येक ठिकाण मोठं आहे. गार्डन्स बाय द बे असो की सेंटोसा, दिवसभर पाय तोडायचे आणि आपल्यामुळे सगळे थांबले आहेत ही टोचणी मनात. दापोलीजवळच्या मुरुडला वाडीतून निघालं की सपाट किनारा, आणि दमलं की परत वाडी. गुहागरचा व्याडेश्वर गावातच आहे, बाजारात जाताजाता दर्शन होतं. हर्णैला उतरून सुवर्णदुर्ग पाण्यात उभा दिसतो तो किनाऱ्यावरून. होडीत चढायचं मुलांनी आणि बाबांनी, आजी-आजोबांनी बंदरावर मासळीचा लिलाव बघत बसायचं. आजोबांची पिढी बोलते त्या भाषेत तिथे कुणाशीही गप्पा होतात. मला हे फार मोठं वाटतं. परदेशात आजोबा मुलाच्या मागे मागे फिरतात. कोकणात रिक्षा ठरवणारे, भाव करणारे, नातवाला भरती-ओहोटी समजावून सांगणारे तेच असतात.

औषधपाण्याचं बघताना मात्र डोळे उघडे ठेवा. परदेशात जाताना विमा घ्यायलाच हवा, आणि आधीपासूनच्या आजाराबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय ते शब्दन् शब्द वाचावं लागतं. इथे आपली नेहमीची मेडिक्लेम चालते, पण मोठं रुग्णालय हाकेच्या अंतरावर नसतं. चिपळूण तालुक्यात डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, पण किनाऱ्यावरच्या गावातून तिथे पोचायला वेळ लागतो. सहा महिन्यांत हृदयाचा त्रास किंवा मोठं ऑपरेशन झालं असेल तर दोन्ही बेत सोडा आणि घरी झोपून दिवसा फिरण्याची सुट्टी करा. ऐरोलीहून ठाणे खाडीत बोटीतून फ्लेमिंगो दिसतात (हिवाळा बसला की), अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं आहे, कान्हेरीची लेणी तासाभराच्या रस्त्यावर. अट एकच: त्या दिवसांत घरी स्वयंपाक करायचा नाही.

मुलांसाठी

सहा वर्षांच्या मुलाला वाळू, पाणी, खेकडे आणि आई-बाबा मोकळे हवे असतात. त्याच्यासाठी पासपोर्टची गरज नाही.

चौदा वर्षांच्या मुलीचं वेगळं, आणि तिची इच्छा हट्ट म्हणून उडवून लावू नका. परक्या शहरात नकाशा हातात घेऊन घरच्यांना योग्य स्थानकावर उतरवणं, वेगळी माणसं बघणं, आपल्याला इंग्रजीत नीट बोलता येतं हे कळणं, या वयात याने माणूस उभा राहतो. कोकणात हे मिळत नाही. तिला दुसरं काही देता येतं, पण ते आयतं मिळत नाही, आखावं लागतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात सुवर्णदुर्ग आहे. पन्हाळेकाजीला कोटजाई नदीच्या काठी २९ लेणी आहेत आणि तिथे गर्दी नसते. मुरुड हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव. एक अख्खा दिवस मुलीच्या हाती सोपवा: कुठे जायचं, किती वाजता निघायचं, जेवण कुठे, सगळं तिने ठरवायचं.

शाळेत परत गेल्यावर काय सांगायचं हा प्रश्न तिला टोचणारच. त्यावर तिला आधीच खरं सांगावं: या वर्षी सगळे मिळून जातोय, आणि परदेशाची सहल अमुक वर्षी. वर्ष सांगितलं की मुलं थांबतात.

घराजवळची सुट्टी का फसते

दापोलीत काही कमी असतं म्हणून ती फसत नाही. आपण तिला सुट्टी धरत नाही म्हणून फसते. सिंगापूरसाठी चार महिने आधी रजा टाकतो, ऑफिसात सांगून ठेवतो, फोन बंद करतो, सहा जणांचे कपडे विचार करून भरतो. कोकणात गुरुवारी रात्री ठरवून शुक्रवारी निघतो, शनिवारी लॅपटॉप उघडतो आणि सोमवारी कामावर. मग म्हणायचं, परदेशासारखा आराम नाही मिळाला. तोच महिना, तीच आखणी, तेवढीच सलग रजा कोकणाला दिली तर आराम मिळतो.

दुसरं कारण नाजूक आहे, पण बोललं पाहिजे. कोकणात जायचं म्हणजे बहुतेक घरांत गावच्या घरी किंवा नातेवाइकांकडे उतरायचं. तिथे पोचल्यावर बाबा झोपाळ्यावर आणि आई चुलीपाशी. जागा बदलली, काम तेच, वर आलं-गेलं जास्त. परदेशात आईला निदान चहा तरी आयता मिळतो, आणि तिला परदेश हवासा वाटण्यामागे अनेकदा एवढंच असतं. म्हणून गावच्या घरी जायचं तर वेगळ्या वेळी जा. सुट्टीला पैसे देऊन घरगुती निवासात राहा, जिथे दोन वेळचं ताट समोर येतं. नातेवाईक रागावले तर एका संध्याकाळी भेटून या.

मग या घराने काय करावं

या वर्षी सहाही जणांनी दापोली-गुहागर. तीन रात्री मुरुड किंवा हर्णैच्या बाजूला, मग दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने (गाडीसकट पलीकडे नेणारी ही बोट मुलांना किल्ल्याइतकीच आवडते), दोन रात्री गुहागरला, आणि चिपळूणहून परतीची रेल्वे. सहा दिवसांत दोनच मुक्काम. कोकणच्या नकाशावरचं सगळं बघायला निघालात तर आजी गाडीतच बसून राहतील.

दिवाळीनंतरचे दिवस यासाठी चांगले. मे महिन्यात आंबा-फणस असतो, पण उकाड्यात वयस्कर माणसं दुपारभर खोलीत अडकतात आणि किनाऱ्यावर गर्दी उसळते. पावसाळ्यात समुद्र बंद. सुट्टी मेमध्येच मिळणार असेल आणि आजी-आजोबा येणार नसतील, तर मी सिंगापूरच्या बाजूने झुकेन, कारण तिथे गरम झालं तरी अर्धा दिवस एसीत जातो. घरात चौघंच असतील, धाकटा दहाचा झाला असेल आणि सलग आठ दिवस मिळत असतील, तरीही सिंगापूर.

मुलांचे पासपोर्ट मात्र आत्ताच तपासा. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, आणि बऱ्याच देशांना प्रवासाच्या दिवशी सहा महिने मुदत शिल्लक लागते. संपला असेल तर वागळे इस्टेटच्या केंद्रातली वेळ घेऊन टाका, म्हणजे मुलीला सांगितलेलं वर्ष पाळता येईल.

कोकण रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं आणि दिवाळीच्या आठवड्यात लगेच भरतं. तारीख कॅलेंडरवर आजच लिहा, लॉगिन आदल्या रात्री तपासा, परतीचं तिकीट त्याच्या दिवशी वेगळं काढायचंय हे विसरू नका. निवासवाल्याला ॲडव्हान्स पाठवण्याआधी फोनवर एवढं विचारा: खोली तळमजल्यावर आहे का, संडास कमोडचा आहे का, बाथरूमला पायरी किती उंच, वीज गेली तर इन्व्हर्टर किती तास चालतो, आजोबांना बिनतिखटाचं मिळेल का, रात्री डॉक्टर लागला तर जवळचा कोण, आणि त्या आठवड्यात भरती किती वाजता आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सहा जणांच्या ग्रुपवर टाकून ठेवा. भरतीच्या वेळी मुलांना पाण्यात सोडायचं नाही, मग गावातला कुणी काहीही म्हणो.