विरोधातल्या नेत्याचं भलं चिंतावं की अपयश?

नेता नावडता असला तरी तो काय करू पाहतोय, यावर मी ठरवते.

१९९४ साली जिनिव्हात, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात, पाकिस्तानने काश्मीरवरून भारताविरुद्ध ठराव आणला. पंतप्रधान नरसिंह रावांनी शिष्टमंडळाचं नेतृत्व विरोधी पक्षनेते वाजपेयींकडे दिलं, आणि ते गेले. पाकिस्तानला ठराव मागे घ्यावा लागला. यश राव सरकारचं होतं, तरी विरोधक त्यासाठी झटला. मला हे फार मोलाचं वाटतं. महागाई, दुष्काळ यांतही तसंच. सरकार हरलं तर चूल आपलीच विझते.

१९७५ मात्र वेगळं. विरोधक तुरुंगात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. तेव्हा आणीबाणी फसावी असंच वाटायला हवं होतं. कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत तिच्याविरुद्ध उघड बोलल्या, पुढे तुरुंगातही गेल्या.