भोवरा की चकली? नक्षीच्या गिरक्यांसाठी फोटोशॉप, गिंप, इंकस्केप की कोरल

आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावरच्या मुलीने लग्नपत्रिकांची कामं घ्यायला सुरुवात केली आहे. परवा लॅपटॉप काखेत मारूनच वर आली. "काकू, कोपऱ्यात अशा गिरक्या हव्यात. फोटोशॉपचे दरमहा पैसे भरू की फुकटचं गिंप पुरेल?" मोबाइलवर तिने दोन नमुने दाखवले. पहिल्यात जांभळ्या अंधारातून प्रकाशाचे झोत वळत वळत मध्यभागी शिरत होते. दुसऱ्यात बारीक सोनेरी वेल होती, शेवटाला निमुळती होत स्वतःतच मिटलेली. तिच्या लेखी दोन्ही 'स्वर्ल'च.

माझ्या लेखी पहिला भोवरा आहे आणि दुसरी चकली. हा फरक कळला की कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं हा प्रश्न निम्मा तिथेच सुटतो, म्हणून आधी तेवढं सांगते.

गंगेला पूर आला की (गोदावरी म्हणणारा माणूस नाशिकबाहेरचा हे आम्ही लगेच ओळखतो) नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं ते बघायला गर्दी होते. तिथे उभं राहून भोवरा बघा. तो नवीन काही तयार करत नाही. जे पाणी, फेस, काड्या-कचरा आधीच आहे त्याला पीळ देतो. मधोमध जास्त, कडेला कमी. सॉफ्टवेअरमधला ट्वर्ल फिल्टर नेमकं हेच करतो. त्यामुळे कोऱ्या रंगावर तो कितीही फिरवा, काहीच दिसत नाही, आणि नवशिका म्हणतो फिल्टर बिघडलाय. चकलीचं उलटं. ताट रिकामं असतं, सोऱ्यातून रेघ पडते, हात फिरतो. ती रेघ तुम्ही काढलेली असते, तिला कडा असते, सुरुवात आणि शेवट असतो.

हे मला फुकट समजलेलं नाही. काही वर्षांपूर्वी एका पत्रिकेसाठी मी सोनेरी गिरक्या भोवऱ्याच्या पद्धतीने केल्या. स्क्रीनवर अप्रतिम दिसल्या, गिऱ्हाइकाने लगेच पास केल्या. मग फॉइलची डाय, म्हणजे सोनेरी पन्नी उठवायचा ठसा, करणाऱ्याकडे फाइल गेली आणि त्याचा फोन आला, "ताई, यात रेघ कुठंय? हा तर धूर आहे." त्याचं बरोबर होतं. डायला काळं किंवा पांढरं एवढंच कळतं, मधलं करडं तिला चालत नाही. रात्रभर बसून सगळी वेल पुन्हा काढली. चूक संपूर्ण माझी होती आणि जागरणही.

आता भोवरा. इथे खरी लढत फोटोशॉप आणि गिंपची आहे.

फोटोशॉपमधली जुनी, हमखास जमणारी कृती अशी. चौरस कॅनव्हास घ्या, २००० बाय २००० पिक्सेल पुरे. चौरसच का, तर लांबट घेतलात तर भोवराही लंबगोल होतो. काळा-पांढरा रंग ठेवून फिल्टर मेनूतल्या रेंडरमधले क्लाउड्स, त्यावर पिक्सलेटमधला मेझोटिंट, मग रेडियल ब्लर: प्रकार झूम, मात्रा १००, दर्जा बेस्ट. हा ब्लर दोन-तीनदा दिला की मधून बाहेर फुटणारे किरण तयार होतात. ह्यू-सॅच्युरेशनमध्ये कलराइझ करून रंग चढवा. भोवऱ्याला लागणारं पाणी ते हेच. आता डिस्टॉर्टमधला ट्वर्ल. त्याचा कोन उणे ९९९ ते अधिक ९९९ अंशांपर्यंत जातो, पण शंभराच्या आसपासच खरी मजा आहे. शेवटी उलट्या दिशेने फिरवलेली दुसरी प्रत वर ठेवून तिचा ब्लेंड मोड (वरचा थर खालच्यात मिसळायची रीत) लाइटन करा. दोन्ही पीळ एकमेकांत विणले जातात.

बहुतेक जण आधी शंभर अंश फिरवतात, मग त्या लेयरची प्रत काढून तिला उणे दोनशे देतात. हिशेब उणे शंभरावर येतो खरा, पण ती प्रत दोनदा मळली जाते आणि प्रत्येक मळणीत पिक्सेल थोडे विरतात. त्यापेक्षा फिरवायच्या आधीच प्रत काढा; एकीला अधिक शंभर, दुसरीला उणे शंभर. दोन्ही सारख्याच धारदार राहतात.

गिंपमध्ये मेझोटिंट नाही. त्याच्या जागी सॉलिड नॉइझवर आरजीबी नॉइझ जरा सढळ हाताने टाकायचा आणि झूम मोशन ब्लर द्यायचा. किरण तसेच फुटतात, थोडे मऊ. पिळासाठी व्हर्ल अँड पिंच आहे. कोन उणे ७२० ते अधिक ७२०, आणि त्याच खिडकीत पिंच, म्हणजे मध्याकडे ओढून घेणं किंवा बाहेर फुगवणं. फोटोशॉपमध्ये ट्वर्ल वेगळा आणि पिंच वेगळा, म्हणजे दोन खेपा. गिंपमध्ये पीळ आणि ओढ एकत्र बघत बघत ठरवता येते, आणि पाणी खाली खेचल्यासारखा भोवरा हवा असेल तर मला गिंपचाच जास्त आवडतो. वर लाइटन ओन्ली मोड द्या, झालं.

मग पैसे कशाचे मोजायचे? पूर्वी उत्तर सोपं होतं: नंतर बदल करता येण्याचे. फोटोशॉपमध्ये २००७ च्या सीएस३ पासून स्मार्ट फिल्टर आहेत. लेयर स्मार्ट ऑब्जेक्ट करून (म्हणजे मूळ चित्र आत शाबूत ठेवून) ट्वर्ल दिला की महिन्याने फाइल उघडून शंभराचे एकशेवीस करता येतात. गिंपमध्ये तेव्हा एकदा ओके दाबलं की संपलं, पुन्हा पहिल्यापासून. मार्च २०२५ मध्ये गिंप ३.० आलं आणि त्यात बहुतेक फिल्टर लेयरवर जिवंत राहतात, कोन मागाहून बदलता येतो. तेव्हा फक्त गिरक्यांसाठी फोटोशॉप घेणाऱ्याला आता मी 'थांब' म्हणते. फोटोशॉपची बाजू अजून जड आहे ती हाताने पिळण्यात. लिक्विफाय नावाच्या फिल्टरमध्ये ट्वर्लचा ब्रश घ्या, माउस दाबून धरा, तेवढीच जागा वळत जाते. ऑल्ट दाबलं की उलट दिशेने. चेहरा वळू द्यायचा नसेल तर त्यावर फ्रीझ मास्क फासा. नवरीच्या शेल्याचं टोक तेवढं वाऱ्यावर गुंडाळायचं असेल तर यासारखं साधन नाही. गिंपमधलं वॉर्प ट्रान्सफॉर्म हेच काम करतं, पण मोठ्या फोटोवर माझ्या मशीनला दम लागतो.

लॅपटॉप अगदीच जुना असेल तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी आहे. जाहिराती सोसल्या तर फुकट, फोटोशॉपची पीएसडी फाइल उघडतं, ट्वर्लही आहे. मोठ्या फाइलला मात्र कुंथतं. फोटोशॉपच्या अलीकडच्या आवृत्त्या किमान ८ जीबी रॅम मागतात, तेव्हा पैशांच्या आधी तेही तपासा.

चकलीकडे वळू. पत्रिका, फॉइल, लेझर कटिंग, स्क्रीन प्रिंटिंग, दुकानाच्या काचेवरचं व्हिनाइल: या सगळ्यांना रेघ लागते, म्हणजे व्हेक्टर: पिक्सेलच्या ठिपक्यांची नाही, तर कितीही मोठी केली तरी धार न जाणारी रेघ. इथे फोटोशॉप आणि गिंप दोन्ही बाजूला ठेवा. फोटोशॉपमध्ये पेन टूल आहे हे मला माहीत आहे. पण पोळपाटावर चकली लाटता येत नाही.

इंकस्केप फुकट आहे, फाइल एसव्हीजी या व्हेक्टर प्रकारात ठेवतं. त्यातलं स्पायरल टूल घेतलं की तीन आकडे दिसतात: वेढे किती, डायव्हर्जन्स किती आणि आतली त्रिज्या किती. डायव्हर्जन्स १ असताना वेढ्यांमधलं अंतर सारखं राहतं, डासांच्या कॉइलसारखं. वाढवलं की मध्य गच्च आणि बाहेरचे वेढे सैल होत जातात. कोयरीच्या टोकाची मुरड साधते ती इथे. पण नुसतं स्पायरल म्हणजे वेल नव्हे, ती स्प्रिंग दिसते. त्यासाठी पेन्सिल टूल घ्या, मोड स्पायरो पाथ करा आणि शेपच्या जागी ट्रायँगल इन किंवा ट्रायँगल आउट निवडा. हात थरथरला तरी रेघ सावरली जाते आणि एका टोकाकडे आपोआप निमुळती होते. येवल्याच्या पैठणीच्या पदरावर मोराभोवती वेल कशी वळते ते समोर ठेवून एक संध्याकाळ सराव करा. माझ्या मते पत्रिकेच्या नक्षीसाठी अख्ख्या यादीत यापेक्षा चटकन हाताला येणारं साधन नाही, आणि त्याला एक रुपया लागत नाही.

कोरलड्रॉमध्येही स्पायरल आहे, 'ए' दाबलं की येतं. सिमेट्रिकल आणि लॉगरिदमिक असे दोन प्रकार. शिवाय ट्वर्ल टूल आहे: काढलेल्या रेघेवर दाबून धरलं की ती तिथल्या तिथे वेटोळं घालते. दिसायला झकास, पण नोडचा, म्हणजे रेघेला वळवणाऱ्या बिंदूंचा, नुसता पाऊस पडतो, आणि नोड फार झाले की कटिंग प्लॉटर अडखळत चालतो. नोड कमी करूनच फाइल द्या. इंकस्केपमध्ये हेच काम कंट्रोल-एल करतं. एकदाच दाबा, सारखं दाबत राहिलात तर वेलीची वांगी होतात.

तरीही कोरलला नाकारता येत नाही, आणि त्याचं कारण सॉफ्टवेअरमध्ये नाही, बाजारात आहे. फ्लेक्सवाला, डायवाला, स्क्रीन प्रिंटिंगवाला, मी ज्यांच्याकडे काम देते ते सगळे पहिला प्रश्न विचारतात, "सीडीआर आहे का?" सीडीआर म्हणजे कोरलची स्वतःची फाइल. इंकस्केप सीडीआर उघडू शकतं, पण त्यात सेव्ह करू शकत नाही. पीडीएफ द्यावी लागते. देण्याआधी रेघांचं स्ट्रोक टू पाथ करा आणि अक्षरं पाथ करून घ्या, म्हणजे दोन्हींच्या नुसत्या आकृत्या होतात, मग ती पीडीएफ त्यांच्या कोरलमध्ये सहसा बिनतक्रार उघडते. फॉइलला एकच काळा रंग लागतो, म्हणून रंगांची भानगड नाही. चार रंगांच्या ऑफसेट छपाईसाठी मात्र रंग सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या हिशेबात, पक्के करायचे असतात, तिथे कोरल किंवा इलस्ट्रेटर निर्धास्त. पेनड्राइव्हवरून फिरणाऱ्या कोरलबद्दल एवढंच म्हणेन, की ते फुकट नसतं. बिल नंतर येतं, बहुतेक व्हायरसच्या रूपात आणि नेमकं लग्नसराईत.

अक्षरांबद्दल बोललं पाहिजे, कारण गिरक्या कितीही सुंदर असल्या तरी 'श्री' फुटला तर पत्रिका परत येते. गिंप आणि इंकस्केपमध्ये युनिकोड मराठी जोडाक्षरं काही न करता नीट बसतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत प्रेफरन्सेसमध्ये टाइपच्या विभागात जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडावा लागतो, नाहीतर वेलांटी भलतीकडे जाऊन बसते. कोरलवाल्यांकडे अजून श्रीलिपीचे जुने फाँट सर्रास चालतात. तुमच्याकडे ते नसतील तर त्यांची फाइल उघडल्यावर 'शुभविवाह'च्या जागी इंग्रजी अक्षरांची उसळ दिसेल. घाबरू नका, अक्षरं कर्व्ह (कोरलच्या भाषेत पाथ) करून मागवा.

भोवरा आणि चकली यांच्या मधलं एक अपत्य आहे, ते केवळ गिंपसाठी सांगते: स्पायरोगिंप. लहानपणी दातेरी चकत्या फिरवून फुलं काढायचा खेळ असायचा, तोच. बाहेरच्या चाकाला ९६ दाते आणि आतल्याला ३६ दिलेत तर आठ टोकांचं फूल येतं. आतल्याला ९० केलेत तर सोळा टोकांचं. ९५ केलेत तर ९६ टोकं, जाळीच होते. गणित सोपं आहे: दोन्ही आकड्यांचा मसावि काढा आणि त्याने ९६ ला भागा. नोटेवरच्या बारीक गुंफलेल्या रेघा याच जातकुळीच्या, आणि नाशिक रोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जात असताना आपल्याला त्या नक्षीचं कौतुक नसावं हे काही बरं नाही. सराफाच्या दुकानाचं गिफ्ट कूपन करायला ही नक्षी फार शोभते. फक्त ती पिक्सेलमध्ये येते, तेव्हा कूपनच्या मापाला ३०० डीपीआयवरच (इंचाला ३०० ठिपके) काढा.

मापाचं पाच मिनिटांचं गणित आधी केलं की पुढचे दोन दिवस वाचतात. ५ बाय ७ इंचांची पत्रिका ३०० डीपीआयला म्हणजे १५०० बाय २१०० पिक्सेल. कुठलाही लॅपटॉप झेपवेल. सिंहस्थाच्या तोंडावर १० बाय २० फुटांचे फ्लेक्स मागणारे येतील. ते ७२ डीपीआयला धरले तरी ८६४० बाय १७२८०, म्हणजे पंधरा कोटींच्या घरात पिक्सेल. त्यावर थेट ट्वर्ल चालवू नका, चहा करून परत याल तरी पट्टी सरकलेली नसेल. भोवरा छोट्या फाइलवर करा आणि मोठा करून मागे टाका. तो मुळात धूरच आहे, मोठा केल्याने त्याचं काही बिघडत नाही, आणि चौकातला फ्लेक्स कोणी नाकाला लावून बघत नाही. अक्षरं आणि वेल मात्र वर व्हेक्टरमध्येच.

खालच्या मजल्यावरच्या मुलीला मी म्हटलं, तुझी कामं पत्रिकांची आहेत, तर इंकस्केप आणि गिंप आजच उतरवून घे, पैसे भरू नकोस. दर महिन्याला फोटोंचं काम यायला लागलं तर फोटोशॉप. प्रेसवाल्यांशी रोजची देवघेव सुरू झाली आणि सीडीआरसाठी काम अडायला लागलं तर मग कोरल, रीतसर विकत घेऊन. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पहिली वेल पाठवली. निमुळती टोकं, मुरड अगदी कोयरीसारखी, मला एवढ्या लवकर जमली नव्हती. फक्त पाठवली होती व्हॉट्सॲपवर, जेपीजी करून. मी उत्तरात लिहिलं, "सुंदर. आता एसव्हीजी पाठव, डॉक्युमेंट म्हणून."