लिब्रेऑफिस, फायरफॉक्स की झुलिप? चौघांच्या टीमने कुठे हात घालायचा

चार जणांची टीम, हातात एक सेमिस्टर, आणि ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरवर, खरंखुरं काम करायचंय, तर प्रोजेक्टचं नाव किती मोठं आहे हे आधी बाजूला ठेवा. टीममधला सगळ्यात जुना लॅपटॉप ज्याच्याकडे आहे त्याच्या मशीनवर प्रोजेक्ट चालतो का, एवढं आधी बघा. नाही चालला तर तो माणूस दोन आठवड्यांत "मी डॉक्युमेंटेशन बघतो" म्हणत बाजूला होतो आणि काम तिघांवर येतं, आमच्या ग्रुपमध्ये अगदी हेच झालं आणि मला अजून त्याचं वाईट वाटतं.

लिब्रेऑफिस हे वर्ड-एक्सेलसारखं मोफत ऑफिस सॉफ्टवेअर, 2010 मध्ये ओपनऑफिसमधून वेगळं झालं, कोड अवाढव्य आणि मुख्यतः सी++ मधला. नवख्यांसाठी ईझी हॅक्सची, म्हणजे सोप्या कामांची, यादी आहे आणि ती मनापासून बनवलेली आहे, कोडमध्ये कुठून सुरुवात करायची याचा धागा बऱ्याचदा तिथेच मिळतो. पण पहिला बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणं! मेक ही कमांड दिली की पंखा घोंघावायला लागतो, साध्या लॅपटॉपवर तासन्‌तास जातात, आणि रॅम कमी असेल तर लिंकिंगपर्यंत, म्हणजे तयार तुकडे जोडण्यापर्यंत, येऊन सगळं हँग. आधी केलेलं काम साठवून ठेवणारं सीकॅश लावलं की पुढचे बिल्ड बरे होतात पण पहिल्यातून सुटका नाही. पॅच, म्हणजे आपला बदल, गेरिट या रिव्ह्यूच्या साइटवर टाकायचा असतो, त्यामुळे गिटहबवरच्या पुल रिक्वेस्टची सवय असलेल्यांना सुरुवातीचे काही दिवस चाचपडावं लागतं.

फायरफॉक्सने यावर छान उपाय ठेवलाय. सेटअप करताना आर्टिफॅक्ट मोड निवडला की सी++ आणि रस्टचा भाग तयारच डाउनलोड होतो, तुम्ही फक्त जावास्क्रिप्ट, सीएसएस बदलायचं. बऱ्याच बग्जवर मेंटॉरचं, म्हणजे मदत करणाऱ्या अनुभवी माणसाचं, नावही असतं. अडचण एकच, सोपे बग्ज हातोहात जातात, चौघांना एकाच वेळी एकाच भागातलं काम मिळणं कठीण, आणि मग प्रत्येकजण आपापल्या कोपऱ्यात.

म्हणून मी झुलिपकडे झुकतो. हे ग्रुप चॅटचं सॉफ्टवेअर, 2015 पासून ओपन सोर्स, सर्व्हर पायथन आणि त्याच्या जँगो फ्रेमवर्कमध्ये, वेबचा भाग टाइपस्क्रिप्टमध्ये, म्हणजे दोघं इकडे दोघं तिकडे अशी वाटणी सहज होते. नवख्यांसाठीचं डॉक्युमेंटेशन इतकं सविस्तर मी फार कमी ठिकाणी बघितलंय. लाड मात्र होत नाहीत हं. एका कमिटमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या एका बदलात, एकच गोष्ट, मेसेज नीट, टेस्ट सोबत, नाहीतर परत. बटणावरचा मजकूर बदलताना सहज म्हणून शेजारचं इंडेंटेशन सुधारलंत तरी दोन कमिट वेगळे करा असं ऐकायला मिळेल, मग रीबेस, म्हणजे कमिट नव्याने मांडणं, शिकावंच लागतं, आणि सेमिस्टरभरात याहून उपयोगी काही शिकाल असं मला वाटत नाही.

सी++ मध्येच पुढे जायचंय आणि मशीन दणकट आहेत, तर खुशाल लिब्रेऑफिस घ्या.

ठरवायच्या आधी एक करा, नवख्या लोकांच्या गेल्या महिन्यातल्या दहा पुल रिक्वेस्ट किंवा पॅच उघडा आणि पहिली रिव्ह्यू कमेंट किती दिवसांनी आली ते मोजा. मग एक अख्खा दिवस चौघांनी एकत्र बसून सेटअप करा, आणि जुन्या लॅपटॉपवाल्याचा सगळ्यात आधी.