मेंदूची सुटी होणारी प्रतिकृती : वर्षभराच्या वापरानंतर

सांगलीतील आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेसाठी गेल्या जूनमध्ये मिरजेतील वैद्यकीय साहित्याच्या एका दुकानातून मानवी मेंदूची आठ भागांत सुटी होणारी प्लास्टिकची प्रतिकृती २,६०० रुपयांना घेतली. वर्षभर दहावीच्या दोन तुकड्यांच्या हाती ती देऊन शिकवल्यामुळे आता तिच्याविषयी खात्रीने लिहिता येते.

प्रमस्तिष्काच्या, म्हणजे मेंदूच्या सर्वांत मोठ्या वरच्या भागाच्या, वळ्या आणि खाचा चांगल्या उठावदार आहेत. एवढा मोठा पृष्ठभाग कवटीत मावतो तो या घड्यांमुळेच, हे फळ्यावरच्या आकृतीतून मुलांना पटत नाही. खाचेतून बोट फिरवले की लगेच उमगते. त्याच्या खाली मागच्या बाजूला असलेल्या अनुमस्तिष्काच्या छेदात झाडाच्या फांद्यांसारखी पांढरी नक्षी स्पष्ट दिसते. मेंदूतील सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी बहुसंख्य पेशी या लहान भागात असतात, हे ऐकून मुले तो तुकडा पुन्हा मागून घेतात.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मस्तिष्कपुच्छाचा, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या सर्वांत खालच्या भागाचा, अंगठ्याएवढा तुकडा. श्वसन आणि हृदयाचे ठोके यांचे नियंत्रण येथून होतेच, शिवाय हालचालींचे आदेश नेणारे बहुतेक तंतू याच्याच खालच्या टोकाशी बाजू बदलतात, म्हणजे डावीकडचे उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे जातात. तीन वर्षांपूर्वी माझ्या वडिलांच्या मेंदूत डाव्या बाजूला रक्तस्राव झाला, तेव्हा उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. डॉक्टरांनी कागदावर रेघा ओढून कारण सांगितले होते, पण त्या घाबरलेल्या अवस्थेत मला काही समजले नव्हते. आज या तुकड्यावर बोट ठेवून मी तेच मुलांना समजावतो.

म्हणूनच एक उणीव खटकते. पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये डाव्या अर्धगोलाच्या पुढच्या भागात दाखवून दिलेले वाचेचे केंद्र या प्रतिकृतीवर कोठेही नोंदलेले नाही. ते मी लाल रंगाने स्वतः रंगवले. भागांची नावे केवळ इंग्रजीत असल्याने मराठी चिठ्ठ्याही चिकटवाव्या लागल्या. जोडणीच्या खुंट्या दिवाळीपर्यंतच सैल झाल्या आणि दुकानदाराने बदलून देण्यास नकार दिला. वजनही फार कमी आहे, त्यामुळे सोबत १,३५० ग्रॅम शाळूची पिशवी ठेवतो, म्हणजे खऱ्या मेंदूचा भार मुलांच्या तळहाताला कळतो.

दहावीसाठी ही प्रतिकृती जरूर घ्यावी, मात्र पैसे देण्यापूर्वी दुकानातच सर्व भाग दोनदा काढून बसवून पाहावेत.